लेबल त्यांचं, पत्ता आपला : दोन दुकानं आणि एक गोडाऊन एमपीएलएसवर जोडताना



मागच्या व्हिडिओत आपण दुसरी शाखा उघडण्याचा हिशोब बघितला. भाडं, डिपॉझिट, माल, माणसं, सगळं बोर्डवर मांडलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, दोन्ही दुकानांचा स्टॉक एकाच स्क्रीनवर कसा दिसणार?" याचं उत्तर व्हिडिओत पाच मिनिटांत बसत नाही, म्हणून हा लेख. आणि खरं सांगायचं तर हे उत्तर मी बीबीएच्या वर्गात शिकलो नाही. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, गल्ल्यावर उभं राहून शिकलो.

आमची गोष्ट आधी

आमचं इलेक्ट्रिकल मालाचं जुनं दुकान सांगलीत आहे. गोडाऊन कुपवाड एमआयडीसीत. धाकट्या भावाने कोल्हापुरात दुसरं दुकान टाकलं, तेव्हा ठरवलं की बिलिंगचा सर्व्हर सांगलीत ठेवायचा आणि तिन्ही जागा त्याला जोडायच्या. गोडाऊनमधून पंखा बाहेर पडला की दोन्ही दुकानांत आकडा कमी झालेला दिसला पाहिजे.

एका कंपनीकडून तिन्ही ठिकाणी एमपीएलएसची लाईन घेतली. राउटर आमचे आम्ही विकत घेतले आणि ते बसवायला ओळखीचा नेटवर्कवाला पोरगा बोलावला. त्याने कोल्हापुरातून सर्व्हरच्या पत्त्यावर पिंग मारलं. लगेच उत्तर आलं, एक मिलिसेकंदाच्या आत. "दादा, जोडलं!" त्याने चहा घेतला, पैसे घेतले, गेला.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशीची गर्दी. कोल्हापुरात बिलिंग उघडेना. पिंग जातंय, पण सॉफ्टवेअर म्हणतंय सर्व्हर सापडत नाही. भावाने सकाळी फोनवर स्टॉक विचारला, मी सांगितलं सहा गिझर आहेत. त्याने हॉटेलवाल्या जुन्या गिऱ्हाइकाकडून पाचचा ॲडव्हान्स घेतला आणि हाताने पावती फाडली. इकडे तासाभरात सांगलीच्या काउंटरवरून चार गिझर एका कॉन्ट्रॅक्टरला गेले. दुपारी भावाचा फोन आला.

"दादा, तुझ्या स्क्रीनवर माल हाय, माझ्या दारात गिऱ्हाईक हाय. आता मी काय सांगू?"

गिऱ्हाइकाने ॲडव्हान्स परत घेतला आणि शेजारच्या दुकानात गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही. संध्याकाळी आप्पा एवढंच म्हणाले, "पूर्वी वहीत लिहीत होतो तेव्हा चूक कुणाची ते तरी कळायचं."

चूक कुणाची होती ते मला पाच दिवसांनी कळलं. लाईन कंपनीची चांगली होती. चूक आमच्या बाजूची होती. सर्व्हरचा पत्ता होता १९२.१६८.१.१०. कोल्हापूरच्या दुकानातही पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत होते, कारण बाजारात मिळणारे बरेचसे राउटर डब्यातून बाहेर येतानाच तो पत्ता घेऊन येतात. आणि कोल्हापुरात त्याच १० नंबरवर बसला होता प्रिंटर! म्हणजे आदल्या दिवशी पिंगला उत्तर दिलं ते सांगलीच्या सर्व्हरने नाही, काउंटरखालच्या प्रिंटरने. जवळपास ५० किलोमीटर लांबून, मधले सगळे राउटर ओलांडून उत्तर यायला काही मिलिसेकंद तरी लागायलाच हवेत. एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर आलं, तिथेच शंका यायला हवी होती. आम्ही मात्र चहा पीत होतो.

एमपीएलएस म्हणजे नेमकं काय

साध्या इंटरनेटवर डेटाचं पाकीट निघालं की वाटेतला प्रत्येक राउटर त्यावरचा पूर्ण पत्ता बघतो, आपल्या यादीत शोधतो आणि पुढे ढकलतो. दर नाक्यावर पुन्हा तेच.

एमपीएलएसमध्ये कंपनीचा दारातला राउटर पहिल्यांदा एकदाच पत्ता बघतो आणि पाकिटावर एक छोटं लेबल चिकटवतो. पुढचे राउटर आतला पत्ता बघतच नाहीत, फक्त लेबल बघून पाकीट पुढे पाठवतात. मुंबईचे डबेवाले आठवा. स्टेशनवर कुणी झाकण उघडून डबा कुणाचा ते विचारत नाही. झाकणावरची खूण बघितली की डबा कुठल्या गाडीत जायचा ते ठरतं. फरक एवढाच की डब्यावरची खूण शेवटपर्यंत तीच राहते, इथे मात्र टप्प्याटप्प्याला जुनं लेबल काढून नवं लावलं जातं.

हे लेबल केवढं असतं? फक्त ३२ बिटचं. त्यातले २० बिट म्हणजे लेबलचा नंबर, ३ बिट कुणाला आधी सोडायचं त्यासाठी, १ बिट हे शेवटचं लेबल आहे का ते सांगायला आणि ८ बिट पाकीट गोल-गोल फिरत राहू नये म्हणून. या पद्धतीचं मूळ मानक २००१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आजही मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यात ती चालते.

आता आपल्या कामाची गोष्ट. आपल्या पाकिटावर साधारण दोन लेबलं लागतात. बाहेरचं सांगतं की पाकीट कंपनीच्या कुठल्या गावच्या राउटरपर्यंत न्यायचं. आतलं सांगतं की तिथे पोचल्यावर ते कुठल्या ग्राहकाच्या यादीत बघून द्यायचं. कंपनी प्रत्येक ग्राहकासाठी पत्त्यांची वेगळी यादी ठेवते. म्हणून तुमचे पत्ते आणि शेजारच्या बँकेचे पत्ते अगदी सारखे असले तरी एकात एक मिसळत नाहीत.

पण नीट वाचा : *दुसऱ्या* ग्राहकाशी मिसळत नाहीत. तुमच्याच तीन जागांचे पत्ते सारखे असतील, तर ते कंपनीला सोडवता येत नाही. आमचं नेमकं तेच झालं.

सगळ्यात महत्त्वाचं : तुमच्या राउटरमध्ये एमपीएलएस लावायचंच नसतं

हे वाचून मी स्वतः चक्रावलो होतो. लेबल लावणं, बदलणं, काढणं हे सगळं कंपनीच्या हद्दीत होतं. तुमच्या राउटरपर्यंत साधं पाकीट येतं आणि तिथून साधंच पाकीट जातं. सेटिंगमध्ये एमपीएलएसचं पान शोधत बसू नका, तुम्हाला ते लागत नाही.

मग आपल्याकडे काय उरतं? चार गोष्टी : पत्ते, रस्ते, नॅट आणि पर्यायी वाट. लेबल त्यांचं, पत्ता आपला. पैसे तुम्ही लेबलचे देता, पण काम अडतं पत्त्यावर.

पायरी १ : पत्त्यांचा तक्ता कागदावर

राउटरला हात लावायच्या आधी वही घ्या. प्रत्येक जागेला वेगळी पत्त्यांची पट्टी द्या. आमचा आजचा तक्ता असा :

- सांगली दुकान : १०.१०.१.० /२४, राउटर १०.१०.१.१, सर्व्हर १०.१०.१.१०
- कुपवाड गोडाऊन : १०.१०.२.० /२४, राउटर १०.१०.२.१
- कोल्हापूर दुकान : १०.१०.३.० /२४, राउटर १०.१०.३.१

तिसरा आकडा म्हणजे जागा. उद्या मिरजेत शाखा उघडली तर ४. पत्ता बघताच माणसाला गाव कळलं पाहिजे. (राउटरमध्ये भरताना आकडे इंग्रजीत टाकायचे, हे वेगळं सांगायला नको.)

१० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ चे आणि १९२.१६८ चे पत्ते खासगी वापरासाठीच राखलेले आहेत. त्यातले कुठलेही घ्या. फक्त १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ या दोन पट्ट्या टाळा. तिथे सगळं गाव आधीच बसलेलं असतं.

एक सल्ला : सर्व्हर, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर यांना कायमचे पत्ते द्या आणि तो कागद प्रत्येक काउंटरखाली चिकटवा. आमच्याकडे हा कागद असता तर तो प्रिंटर पहिल्या पाच मिनिटांत सापडला असता.

पायरी २ : कंपनीच्या बाजूचा धागा

कंपनी प्रत्येक जागेसाठी एक छोटी जोडी देते, बहुतेक वेळा /३० ची. त्यात कामाचे पत्ते दोनच असतात : एक त्यांच्या राउटरचा, एक तुमच्या. समजा सांगलीला १०.२५५.१.१ त्यांचा आणि १०.२५५.१.२ तुमचा. हा दुसरा पत्ता तुमच्या राउटरच्या त्या पोर्टवर भरायचा, ज्यात त्यांची तार येते.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो : तुमच्या आतल्या नेटवर्कचे पत्ते. तो रकाना पोराला किंवा सेल्समनला भरू देऊ नका. आमच्या फॉर्मवर तिन्ही जागांपुढे एकच पत्ता लिहिला होता आणि खाली सही माझी होती.

पायरी ३ : रस्ते सांगा

तीन-चार जागा असतील तर स्थिर रस्ते पुरतात. राउटरला दोनच वाक्यं सांगायची :

१. १०.१०.०.० /१६ मधलं काहीही हवं असेल तर १०.२५५.१.१ कडे, म्हणजे कंपनीच्या राउटरकडे पाठव.
२. बाकी सगळं जग हवं असेल तर ब्रॉडबँडकडे पाठव.

राउटर नेहमी जास्त नेमका रस्ता निवडतो, त्यामुळे या दोघांत भांडण होत नाही. दुकानाचं काम खासगी लाईनवरून जातं आणि पोरांचे व्हिडिओ ब्रॉडबँडवरून.

लक्षात ठेवा, रस्ता जायचा असतो तसा यायचाही असतो. कोल्हापूरचं पाकीट सांगलीला पोचलं, पण सांगलीला परतीची वाट माहीत नसेल तर उत्तर हरवतं. तिन्ही राउटरमध्ये भरायचं आणि कंपनीलाही कळवायचं की कुठल्या जागेमागे कुठली पट्टी आहे. उद्या कॅमेऱ्यांसाठी नवी पट्टी काढली तर तीही कळवायची.

जागा वाढल्या की बीजीपी घ्या. त्यात राउटर एकमेकांना रस्ते स्वतःच सांगतात. त्यासाठी तुम्हाला ६४५१२ ते ६५५३४ मधला खासगी नंबर मिळतो. सगळ्या जागांना एकच नंबर दिला असेल तर राउटर स्वतःचाच नंबर आलेला बघून "हा रस्ता माझ्याकडूनच फिरून आलाय" म्हणतो आणि टाकून देतो. कंपनीला त्यांच्या बाजूने तो नंबर बदलून द्यायला सांगा, त्यांच्यासाठी हे रोजचं काम आहे.

पायरी ४ : नॅट फक्त ब्रॉडबँडवर

नॅट म्हणजे राउटर आतले पत्ते लपवून स्वतःचा एकच पत्ता बाहेर दाखवतो. इंटरनेटसाठी ते लागतं. पण शाखांच्या मधल्या लाईनवर नॅट चालू राहिलं, तर सर्व्हरला कोल्हापूरचे सगळे काउंटर एकच दिसतात आणि सांगलीतून कोल्हापूरच्या प्रिंटरवर बिल काढता येत नाही. बरेच साधे राउटर बाहेरच्या पोर्टवर नॅट आपोआप लावतात. एमपीएलएसच्या पोर्टवरून ते काढा.

पायरी ५ : तपासणी, आणि चहा त्यानंतर

आता मी हाच क्रम लावतो :

- राउटरवरून कंपनीच्या राउटरला पिंग.
- मग समोरच्या शाखेच्या राउटरला.
- मग काउंटरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरला. वेळ किती लागला ते बघा. फारच कमी लागला तर उत्तर देणारा शेजारीच बसलाय.
- मग ट्रेस. वाटेत कंपनीचा पत्ता दिसला पाहिजे.
- मग मोठं पाकीट, तुकडे न करता, १४७२ बाइटचं. त्यात २८ बाइटचे मथळे मिळवले की १५०० होतात. छोटं जातं आणि मोठं अडकतं, असं असेल तर लॉगिन होतं पण मोठं बिल उघडताना स्क्रीन गोठते. अशा वेळी ट्रेसचा आणि मोठ्या पाकिटाचा स्क्रीनशॉट घेऊन कंपनीकडे तक्रार नोंदवा.
- शेवटी खरं बिल करा, छापा आणि रद्द करा. पिंग म्हणजे व्यवहार नाही.

पर्यायी वाट : हिरव्या दिव्यावर विश्वास नको

लाईन कधीतरी पडणारच. जेसीबीला तुमचा सीझन माहीत नसतो. म्हणून ब्रॉडबँडवरून शाखांमध्ये एक कुलूपबंद बोगदा, म्हणजे आयपीसेकचा व्हीपीएन, तयार ठेवा आणि त्या रस्त्याला दुसरा क्रमांक द्या.

इथे एक मोठी फसगत आहे. तार लांब कुठेतरी तुटली तरी तुमच्या राउटरचं पोर्ट भिंतीवरच्या डब्याला जोडलेलंच असतं. दिवा हिरवाच राहतो आणि राउटर समजतो रस्ता चालू आहे. त्यामुळे दुसरी वाट उघडतच नाही. राउटरला सांगा की पलीकडच्या शाखेच्या पत्त्याला सतत पिंग मारत राहा, आणि हे पिंग फक्त एमपीएलएसच्याच पोर्टवरून जाऊ दे. उत्तर थांबलं की रस्ता बदल. मग एखाद्या मंद दिवशी स्वतः एमपीएलएसची तार काढून बघा. बिल झालं तरच ती पर्यायी वाट.

आणि दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर तो बॅकअप नाही. बाहेर जाऊन मान वर करून बघा.

दोन गैरसमज

पहिला : "एमपीएलएस आहे, म्हणजे डेटा कुलूपबंद आहे." नाही. तुमचा डेटा इतर ग्राहकांपासून वेगळा ठेवला जातो, पण आपोआप गुप्त भाषेत बदलला जात नाही. हिशोब नाजूक असेल तर त्यावरूनही आयपीसेक चालवा.

दुसरा : "लाईन महाग आहे, म्हणजे वेगवान आहे." तुम्ही घेतली तेवढीच रुंदी मिळते. आमच्याकडे कॅमेऱ्यांचं फुटेज त्याच लाईनवरून जायचं आणि बिलिंग रांगेत उभं राहायचं. राउटरमध्ये बिलिंगला पहिला क्रमांक दिला, कॅमेरे ब्रॉडबँडवर टाकले, तेव्हा ते सुटलं. लेबलमधले ते ३ बिट याच कामाचे असतात, पण कुठलं पाकीट महत्त्वाचं ते आधी तुम्ही सांगावं लागतं आणि तसा वर्ग कंपनीकडून घ्यावा लागतो.

तुम्हाला हे घ्यायलाच हवं का?

आता ट्रेनर म्हणून नाही, दुकानदार म्हणून सांगतो. तुमचं बिलिंग क्लाउडवर असेल तर दुकानं एकमेकांना जोडायची गरजच बहुतेक पडत नाही. प्रत्येक ठिकाणी चांगलं ब्रॉडबँड आणि मोबाइलचा बॅकअप पुरतो. दोन जागा आणि सर्व्हर तुमच्याकडे असेल तर आधी ब्रॉडबँडवरचा व्हीपीएन करून बघा. त्यासाठी निदान एका टोकाला स्थिर सार्वजनिक पत्ता लागतो. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. तिथे स्थिर पत्ता वेगळा मागावा लागेल.

एमपीएलएसचं मासिक भाडं ब्रॉडबँडच्या कित्येक पट असतं. म्हणून हिशोब असा करा : काउंटर एक तास बंद राहिला तर किती बिलं जातात, त्यातला नफा किती, आणि वर्षाला किती तास बंद राहतं? तो आकडा वर्षाच्या जादा भाड्यापेक्षा लहान असेल तर थांबा. त्यात एक गोष्ट मात्र वहीत मांडता येत नाही : परत न आलेलं गिऱ्हाईक.

घेणारच असाल तर सही करण्याआधी हे विचारा. शेवटच्या टप्प्यात तार आहे की रेडिओ? बिघाड किती तासांत दुरुस्त करणार, आणि नाही केला तर भाड्यात किती सूट? करार किमान किती महिन्यांचा? नवी शाखा जोडायला किती दिवस? राउटर तुमचा असेल तर पासवर्ड आणि सेटिंगची फाईल तुमच्याकडे ठेवा. बसवणारा पोरगा उद्या पुण्याला नोकरीला जाईल, सेटिंग त्याच्याबरोबर जाता कामा नये.

शेवटी

पुढच्या वर्षी धनत्रयोदशीला कोल्हापुरात पहिलं बिल झालं, तेव्हा सांगलीच्या स्क्रीनवर गिझरचा आकडा सहावरून पाच झाला. मी आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि भावाला फोन लावला, "एक गेला का रे?" तिकडून "व्हय" आलं, तेव्हाच त्यांना पटलं.

तेच मला तुम्हाला सांगायचंय. मशीन जोडलं म्हणते, तेवढ्यावर थांबू नका. पलीकडच्या माणसाला विचारा.

या आठवड्याचं काम : तुमच्या प्रत्येक जागेचे पत्ते एका कागदावर लिहा. दोन जागांचा तिसरा आकडा सारखा निघाला, तर लाईनवाल्याला फोन करण्याआधी तो बदला. पुढच्या व्हिडिओत राउटरच्या स्क्रीनवर हे सगळं करून दाखवतो. भेटू.